सर लेस्ली विल्सन शोधप्रकल्प : कामाच्या नोंदी, कोल्हापूर

3 जून 2024

विषय ठरला : सर लेस्ली ऑर्म विल्सन, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, डिसेंबर 1923 ते डिसेंबर 1928.

कोल्हापुरात हे नाव निघतं ते फक्त पुतळ्यामुळे. शिवाजी चौकात आज महाराजांचा अर्धपुतळा आहे, तिथे आधी विल्सनचा पुतळा होता. 1942 च्या चलेजाव चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला, पुढच्या वर्षी तो फोडला गेला, आणि 1945 मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा पुतळा तिथे बसला. एवढं गावाला पाठ आहे. पुतळा ज्याचा होता त्याची बोळवण मात्र ‘जुलमी गव्हर्नर’ या दोन शब्दांत होते.

हे विशेषण तपासायचं तर आधी साल बघावं लागतं. 1942 साली मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली होते. विल्सन हिंदुस्थान सोडून चौदा वर्षं झाली होती आणि ते ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, क्वीन्सलँडचे गव्हर्नर म्हणून काम करत होते. म्हणजे कोल्हापुरात पुतळ्यावर हल्ला झाला तेव्हा हा गृहस्थ हयात होता, पदावर होता, आणि चलेजावच्या दडपशाहीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. राग सत्तेवर होता. हाताशी सत्तेचा पुतळा विल्सनचा होता. त्याच्या स्वतःच्या कारभाराचा हिशेब वेगळा मांडायला हवा, आणि तो पाच वर्षांच्या कागदांतूनच मांडता येईल.

चरित्र लिहायचं नाही. पहिलं काम ‘ठावठिकाणा तक्ता’ : गव्हर्नर कोणत्या तारखेला कुठे होते, काय केलं, पुरावा कोणता. बाकी सगळं त्यावर उभं राहील. स्तंभ पाच : तारीख व वार, ठिकाण, घटना, पुरावा, पुराव्याचा दर्जा. दर्जा ‘अ’ म्हणजे त्याच दिवशीचा सरकारी कागद. ‘ब’ म्हणजे आधी छापलेला कार्यक्रम किंवा आठवड्याभरातलं वर्तमानपत्र. ‘क’ म्हणजे नंतरचं लेखन, स्मरणिका, ऐकीव माहिती. छापील दौरा-कार्यक्रमाला ‘अ’ देण्याचा मोह होतो, कारण त्यावर सरकारी ठसा असतो. पण कार्यक्रम आधी छापतात. गाडी चुकली, पाऊस पडला, कुणाला ताप आला, तर कार्यक्रम तसाच फायलीत राहतो आणि घडतं वेगळंच. म्हणून तो ‘ब’.

6 जून

आयुष्याचा सांगाडा लावला, म्हणजे पुढे कागद हाती आला की तो कुठे बसतो ते लगेच कळेल.

जन्म 1 ऑगस्ट 1876, लंडन. 1895 मध्ये रॉयल मरीन्समध्ये अधिकारी. बोअर युद्धात जखमी, 1900 साली डीएसओ हे लष्करी पदक. त्यानंतर न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर हॅरी रॉसन यांच्याकडे ए.डी.सी., म्हणजे खास लष्करी मदतनीस; 1909 मध्ये सिडनीच्या विनिफ्रेड स्मिथ यांच्याशी लग्न. 1913 पासून रीडिंगचे खासदार. पहिल्या महायुद्धात रॉयल नेव्हल डिव्हिजनच्या हॉक बटालियनचे प्रमुख, आधी गॅलिपोली, मग फ्रान्स. नोव्हेंबर 1916 मध्ये आंक्र नदीकाठच्या लढाईत गंभीर जखमी. 1921 पासून सरकारचे व्हीप. ऑक्टोबर 1922 मध्ये कार्लटन क्लबच्या बैठकीने लॉइड जॉर्जचं संयुक्त सरकार पाडलं, तेव्हा हुजूर पक्षाचे चीफ व्हीप हेच. 10 डिसेंबर 1923 ला मुंबईत पदभार. 1932 ते 1946 क्वीन्सलँड. मृत्यू 29 सप्टेंबर 1955.

किताबांचा क्रम वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लावला : जीसीआयई 1923, जीसीएसआय 1929, जीसीएमजी 1937. फोटोखालची ओळ, कोनशिला, छापील मानपत्र यांवर तारीख नसली तरी नावापुढची अक्षरं तारीख सांगतात. ‘जीसीएसआय’ असलेली ओळ 1929 च्या आधीची असूच शकत नाही. फोटो 1926 चा आणि खालची ओळ 1930 ची, असंही होतं. अल्बम नंतर बांधतात. तेव्हा फोटोची तारीख आणि ओळीची तारीख वेगवेगळ्या नोंदवायच्या.

11 जून

गव्हर्नरांच्या काही याद्यांत विल्सन यांची कारकीर्द मार्च 1926 ला संपते आणि तिथून डिसेंबर 1928 पर्यंत सर हेन्री स्टेव्हली लॉरेन्स ‘हंगामी’ म्हणून दिसतात. हा घोळ आत्ताच निस्तरला नाही तर अर्धा तक्ता चुकीच्या माणसाच्या नावावर जाईल.

याद्या बाजूला ठेवून नियम बघितला. 1924 पर्यंत गव्हर्नरला मुदतीच्या मध्येच हिंदुस्थानाबाहेर जायचं तर पद सोडावं लागे. त्या वर्षी पार्लमेंटने रजेचा कायदा केला आणि व्हाइसरॉय, गव्हर्नर वगैरेंना मुदतीत एकदा, कमाल चार महिने रजा मिळू लागली. याच कायद्याने लॉर्ड रीडिंग 1925 मध्ये रजेवर गेले आणि बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी काही महिने व्हाइसरॉयचं काम पाहिलं. म्हणजे लॉरेन्स यांचं 1926 मधलं हंगामी काम काही महिन्यांचं असणार. पावणेतीन वर्षांची रजा कायद्यातच बसत नाही.

घटनाही तेच सांगतात. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण 10 डिसेंबर 1926 ला विल्सन यांच्याच हस्ते सुरू झालं. धरणाचं नावच विल्सन डॅम. 16 जून 1928 ला पुण्यात शिवस्मारकाचं अनावरण विल्सन यांनी केलं. जुलै 1928 मध्ये बारडोलीच्या वाटाघाटी विल्सन यांच्याशी झाल्या. तिन्ही ठिकाणी माणूस हजर आहे.

याद्या अशा का बिघडतात तेही लक्षात ठेवायला हवं. यादी करणारा प्रत्येक नव्या नावाला आधीच्याचा शेवट मानतो. हंगामी माणूस आला की मूळ माणूस परत आल्याची ओळ करायचं राहून जातं, आणि मग हंगामी माणसाला पुढच्या कायम माणसापर्यंत ताणलं जातं. सर फ्रेडरिक साइक्स डिसेंबर 1928 मध्ये आले, म्हणून लॉरेन्स तिथपर्यंत ताणले गेले. रेसिडेंट (संस्थानातला ब्रिटिश प्रतिनिधी), कलेक्टर, दिवाण यांच्या याद्यांतही हेच सापडेल. तेव्हा 1926 च्या कागदावर नुसतं ‘गव्हर्नर’ असेल तर सही वाचल्याशिवाय विल्सनच्या खात्यात टाकायचं नाही.

19 जून

नावांची गाळणी तयार केली. ‘विल्सन’ शोधलं की हाती ढीग लागतो आणि त्यात निम्मे दुसरेच. मुंबईचं विल्सन कॉलेज जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचं. तो 1875 मध्ये वारला. जेम्स विल्सन हे व्हाइसरॉयच्या मंडळातले 1860 मधले पहिले अर्थसदस्य. सर गाय फ्लीटवुड विल्सन हेही अर्थसदस्यच, 1908 ते 1913. होरेस विल्सन संस्कृतचे पंडित. आपल्या लक्ष्मीपुरीतला विल्सन पूलही आहे, पण नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरायचं नाही. पुलाची नोंद बांधकामाच्या कागदावरून करायची.

शोधायचे शब्द, इंग्रजी कागदांसाठी : पूर्ण नाव, आद्याक्षरं एल. ओ.; ‘कॅप्टन’ आणि ‘लेफ्टनंट कर्नल’ या हुद्द्यांसह. ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चांत ते हुद्द्याने छापलेत, तिथे ‘सर लेस्ली’ शोधून काही मिळत नाही, कारण ‘सर’ नंतरचं. मराठी कागदांसाठी : लेस्ली, लेस्लि, वुइल्सन, विलसन. मराठी वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा नाव नसतंच, ‘ना. गव्हर्नरसाहेब’ एवढंच. म्हणून मराठीत नावाने शोधण्यात वेळ घालवू नये, तारखेने शोधावं. ठावठिकाणा तक्ता आधी करायचा तो यासाठीच.

27 जून

कागद कुठे आहेत, याचा नकाशा. हौशी संशोधकाचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, कारण तो कोल्हापूरचे कागद कोल्हापुरातच शोधत बसतो.

मुद्दा 1933 चा आहे. त्याआधी कोल्हापूर संस्थानचे राजकीय संबंध मुंबई सरकारमार्फत चालत. कोल्हापूरचा रेसिडेंट मुंबईच्या राजकीय खात्याला लिहीत असे. 1933 मध्ये डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली आणि कोल्हापूर थेट हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्याकडे गेलं. त्यामुळे विल्सन हयातीत कोल्हापूरशी गव्हर्नर म्हणून जे बोलले-लिहिले ते मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राजकीय खात्याच्या फायलींत शोधायचं. पुतळ्याचं 1942-43 चं प्रकरण मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. दिल्लीच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची बघता येते, आणि बऱ्याच फायली तिथेच वाचायला मिळतात. नोंदणी मोफत आहे.

दरबारची बाजू कोल्हापूर पुराभिलेखागारात : संस्थानच्या हुजूर कचेरीचे कागद, रेसिडेन्सीशी पत्रव्यवहाराच्या नकला, खर्चाचे हुकूम. त्याला जोड करवीर सरकारच्या गॅझेटची. गव्हर्नर येणार असले की सुट्टी, रस्ता बंद, बंदोबस्त, खर्चाची मंजुरी हे सगळं त्यात येतं, आणि खर्चाचा कागद भाषणापेक्षा खरा असतो. जुनी मराठी वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं करवीर नगर वाचन मंदिरात (स्थापना 1850) आणि विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आधी विचारावीत. ‘पुढारी’ 1939 पासून दैनिक झाला, त्यामुळे विल्सनच्या काळासाठी त्याचा उपयोग नाही. पुतळा फोडला त्या वर्षांसाठी मात्र तो पहिल्यांदा चाळावा.

संस्थानच्या बाजूने माणसं कोण, हेही तक्त्याच्या पहिल्या पानावर. शाहू महाराजांचं निधन 6 मे 1922 ला, विल्सन येण्याच्या दीड वर्ष आधी. विल्सनचा सगळा काळ राजाराम महाराजांचा. राजाराम महाराज नोव्हेंबर 1940 मध्ये वारले, त्यामुळे पुतळ्याच्या प्रकरणातला दरबार वेगळाच. या तिन्ही काळांना एका वाक्यात कोंबणारा मजकूर दिसला की सावध व्हायचं.

8 जुलै

ऋतूप्रमाणे मुक्काम. मुंबईचा गव्हर्नर वर्षभर मुंबईत नसायचा. थंडीत मलबार पॉइंट, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळा सुरू होताच पुण्यात गणेशखिंड (आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत), दिवाळीच्या आसपास परत मुंबई. मध्ये दौरे. यामुळे तारीख फाटलेल्या पत्राचाही महिना बांधता येतो : वरती ‘महाबळेश्वर’ छापलं असेल तर एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध, ‘गणेशखिंड’ असेल तर जूनच्या मध्यापासून पुढे. मात्र कोरा कागद दुसऱ्या मुक्कामी नेऊन वापरल्याची उदाहरणं असतात. छापील पत्ता खोडून हाताने दुसरा लिहिलेला असतो. फोटो काढताना कडेचा तो भाग कापला गेला की पुरावाच गेला.

रेल्वेचं गणित. मिरज-कोल्हापूर हा संस्थानचा फाटा 1891 मध्ये सुरू झाला. पुणे-मिरज आणि मिरज-कोल्हापूर दोन्ही मीटर गेज. रुंदीकरण 1971 मध्ये. मुंबई-पुणे ब्रॉड गेज. म्हणजे गव्हर्नरांची खास गाडी असली तरी पुण्याला उतरून दुसऱ्या गाडीत बसणं भाग. सकाळी मुंबईत समारंभ आणि त्याच संध्याकाळी कोल्हापुरात मेजवानी, असं कुणी लिहिलं असेल तर दोन्हींपैकी एक तारीख चूक आहे.

तोफांच्या सलामीचा कागद मिळाला तर सोडू नये. कोल्हापूरच्या महाराजांना 19 तोफा, मुंबईच्या गव्हर्नरला 17. स्टेशनवर कोण आधी पुढे जाणार, भेट आणि परतभेट कोणत्या क्रमाने, मिजाजपुर्सीला (पाहुण्याची खुशाली विचारायला) कोण जाणार, पान-अत्तर कुणाच्या हातून, यावर रेसिडेन्सी आणि दरबार यांच्यात पानंच्या पानं लिहिली जायची. वाचायला कंटाळवाणी, पण सत्तेचं मोजमाप इथेच कळतं. शिवाय अशा कागदांत हजर माणसांची यादी असते, आणि यादी ही पुढच्या शोधाची किल्ली.

15 जुलै

फायलींचे फोटो. पावसाळ्यात कोल्हापुरात दमट हवेने पानं एकमेकांना चिकटतात. ओढायची नाहीत, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून फाईल कोरडी होऊ द्यायची, दुसरी मागवायची. वाचनकक्षात पेन्सिलच. परवानगी आणि शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळं, आधी खिडकीवर विचारून घ्यावं.

त्या काळची सरकारी फाईल फुलस्केप : साधारण साडेआठ बाय साडेतेरा इंच. 12 मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो 4032 बाय 3024. लांब बाजूला साडेतेरा इंच बसवले की इंचाला सुमारे 298 ठिपके मिळतात, म्हणजे छापील मजकुराला पुरेसे, पण चारी बाजूंना मोकळी जागा सोडली की घसरण सुरू. म्हणून पान चौकटीत जवळजवळ भरून घ्यायचं आणि फोन पानाच्या वर तीस सेंटिमीटरच्या आसपास, पानाला समांतर. हातात धरून नाही. टेबलाला लावायचा छोटा स्टँड. फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड डावीकडून.

टायपाच्या कार्बन प्रती जांभळ्या, फिकट, पातळ कागदावर. नुसता फिकटपणा असेल तर मागे पांढरा कागद ठेवला की अक्षर उठतं. मागच्या बाजूचा मजकूर आरपार दिसत असेल तर उलट करायचं, मागे काळा कागद. दोन्ही कागद पिशवीत असू द्यावेत.

क्रम : पहिला फोटो फाईलच्या वेष्टनाचा (खातं, साल, क्रमांक स्पष्ट), मग पानं मूळ क्रमाने, कोऱ्या पानांसह, शेवटी एका चिठ्ठीवर ‘फाईल समाप्त’. कोरी पानं वगळली की पान क्रमांक जुळत नाहीत आणि पुढे कुणी तपासायला गेलं तर संदर्भ खोटा ठरतो. एक फोटो चार-पाच एमबी. दोनशे पानांची फाईल एक जीबीच्या आसपास. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी प्रत, आणि फाईलनाव असं : संस्था_खातं_साल_क्रमांक_पान. ‘आयएमजी’ने सुरू होणारी नावं तशीच ठेवली तर महिन्याभरात कोणता कागद कुठला ते देवालाही सांगता येत नाही.

29 जुलै

फाईल वाचायची कशी. इंग्रजी कचेरीच्या फायलीचे दोन भाग : टिपणं आणि पत्रव्यवहार. बाहेर गेलेलं पत्र सभ्य असतं. खरी मतं टिपणांत. टिपण कारकुनापासून सुरू होऊन वर चढत जातं, शेवटी दोन अक्षरांची सही आणि तारीख. सहीच्या आद्याक्षरांची वही सुरू केली : अक्षरं, माणूस, पद, कधीपासून कधीपर्यंत.

गव्हर्नरच्या नावाने निघालेला प्रत्येक हुकूम गव्हर्नरने दिलेला नसतो. 1919 च्या कायद्यानंतर इलाख्यात द्विदल राज्यपद्धती होती. जमीन महसूल, पोलीस, अर्थ ही राखीव खाती. तिथे निर्णय ‘गव्हर्नर-इन-कौन्सिल’चा, म्हणजे गव्हर्नर आणि त्यांचं कार्यकारी मंडळ यांचा मिळून. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, आरोग्य, अबकारी ही सोपीव खाती. तिथे मंत्र्यांच्या सल्ल्याने. म्हणून प्रत्येक नोंदीत खातं राखीव की सोपीव ते लिहायचं. विल्सनवर दोष किंवा श्रेय टाकायचं तर त्यांचं स्वतःचं टिपण दाखवता आलं पाहिजे.

याचं चांगलं उदाहरण त्यांच्या पहिल्या दोन महिन्यांत आहे. सावरकरांची सशर्त सुटका 6 जानेवारी 1924, गांधीजींची 5 फेब्रुवारी 1924. दोन्ही विल्सनच्या कारकिर्दीत. पण सावरकरांच्या फायलीचं बरंचसं काम आधीचे गव्हर्नर लॉइड यांच्या काळातलं, आणि गांधीजींच्या सुटकेला ससूनमधल्या 12 जानेवारीच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी. पदभार घेऊन दोन महिनेही न झालेल्या माणसाच्या नावावर हे निर्णय टाकायचे तर टिपणांच्या तारखा पाहिल्याशिवाय नाही.

12 ऑगस्ट

तक्त्याची परीक्षा म्हणून 1928 चा उन्हाळा-पावसाळा पूर्ण भरला. कारण इथे एकाच माणसाची दोन रूपं समोर येतात.

12 फेब्रुवारी, रविवार : बारडोलीत साराबंदीचा निर्णय. कारण महसुलाची फेरआकारणी. सरकारने वाढ 22 टक्क्यांवर ठेवली होती. एप्रिलपासून मुंबईत गिरण्यांचा सार्वत्रिक संप, तो ऑक्टोबरपर्यंत. 16 जून, शनिवार : पुण्यात शिवस्मारकाचं अनावरण. शिल्पकार करमरकर. पायाभरणी 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली होती. मूळ खटपट शाहू महाराजांची. 18 जुलै, बुधवार : सुरतेत विल्सन आणि वल्लभभाई पटेल यांची भेट, तोडगा नाही. 23 जुलै, सोमवार : पुण्यात कायदेमंडळापुढे भाषण, सरकारच्या अटी आणि चौदा दिवसांची मुदत. 6 ऑगस्ट, सोमवार : तडजोड. तेवीस अधिक चौदा, बरोबर 6 ऑगस्ट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गाठ सुटली.

मुदतीच्या मागे सिमला आहे. विल्सन तिथे व्हाइसरॉय आयर्विन यांना भेटून आले होते. त्यामुळे 23 तारखेच्या भाषणातला ताठरपणा किती विल्सनचा आणि किती सिमल्याचा, हे भाषणावरून ठरत नाही. आयर्विन यांचा कागदसंग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे, युरोपियन मॅन्युस्क्रिप्ट्स सी 152. त्यात गव्हर्नरांशी झालेला खासगी पत्रव्यवहार येतो. मागणी करताना 1928 चे प्रांतिक गव्हर्नरांचे भाग मागायचे, सगळा संग्रह नाही. पुढे मॅक्सवेल-ब्रूमफील्ड चौकशीने 22 टक्के उडवून वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आणली. म्हणजे शेतकऱ्यांची तक्रार बहुतांशी खरी होती आणि ज्या आकड्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली तो आकडा टिकणारा नव्हता. विल्सनवर ‘जुलमी’ हा शब्द कुठे लागू पडत असेल तर इथे, आणि इथेही पूर्ण नाही, कारण चौकशी मान्य करणारं सरकारही त्यांचंच.

पुण्यात शिवछत्रपतींच्या पुतळ्यावरचा पडदा ओढणाऱ्याचा स्वतःचा पुतळा कोल्हापुरात शिवछत्रपतींसाठी जागा सोडून गेला. लेखात हे एकदाच, एका ओळीत यावं. त्यावर कविता नको.

26 ऑगस्ट

मराठी कागदांच्या तारखा. दफ्तरातल्या मोडी कागदांवर शक किंवा फसली (महसुली सन). शकात 78 मिळवायचे, जानेवारी ते पाडव्यापर्यंत 79. दख्खनच्या फसलीत 590. फसली वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंत 591. फसली 1338 म्हणजे जून 1928 ते जून 1929. गंमत अशी की बारडोलीची सुरुवात 1337 मध्ये आणि शेवट 1338 मध्ये पडतो. फसली सालाने बस्ते मागवले तर दोन्ही मागवावे लागतात.

वर्तमानपत्रात ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या शनिवारी’ असं असतं. साप्ताहिकात ‘काल’ म्हणजे मजकूर जुळवला त्याच्या आदल्या दिवशी, अंकावरच्या तारखेच्या नव्हे. म्हणूनच तक्त्यात वार आहे. वार जुळला नाही की तारीख संशयित.

मोडी वाचणारे आपल्याकडे मोजके. त्यांच्यासमोर सगळी बाडं टाकायची नाहीत. तक्त्यातल्या ज्या आठवड्यात गव्हर्नर दक्षिण महाराष्ट्रात होते त्या आठवड्याचेच कागद आधी.

9 सप्टेंबर

परदेशी साधनं, फुकटातली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर जुनी वर्तमानपत्रं शोधता येतात. 1932 ते 1946 साठी खजिनाच आहे, पण 1923-28 साठीही बघावं : बायको सिडनीची, आधीची नोकरी तिथली, म्हणून मुंबईच्या बातम्या तिकडे छापल्या जात. यंत्राने वाचलेला मजकूर चुकतो, मूळ पानाचं चित्र बघूनच उतारा घ्यायचा. चूक दिसली तर तिथे दुरुस्त करण्याची सोय आहे, करून टाकावी. किताब आणि पदकांसाठी ‘लंडन गॅझेट’. पार्लमेंटमधल्या भाषणांसाठी ‘हॅन्सार्ड’. मरीन्समधली नोकरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या एडीएम 196 मालिकेत.

एवढं मिळतं म्हणून क्वीन्सलँडमध्ये वाहवत जायचं नाही. आपल्याला तिथून एकच गोष्ट हवी : 1942-43 मध्ये कोल्हापूरच्या पुतळ्याची बातमी तिकडे पोचली का. शोध ‘कोल्हापूर’ने करावा, पण त्या काळी इंग्रजीत शेवटी ‘पोर’ असंही लिहीत, म्हणून दोन्ही स्पेलिंगांनी.

23 सप्टेंबर

पुतळ्याचं प्रकरण. विषयाच्या नावाने फाईल शोधली तर हाती लागणार नाही; ती सहसा ‘पाक्षिक अहवाल’ आणि ‘राजकीय परिस्थिती’ यांच्या पोटात असते. प्रजा परिषदेची (स्थापना 1939) फाईल, पोलिसांचे गुप्त अहवाल, आरोपींवरचे खटले, तुरुंगाच्या नोंदवह्या, आणि पुतळा दुरुस्त करायचा की हलवायचा यावरचा सार्वजनिक बांधकामाचा पत्रव्यवहार, अशा पाच बाजूंनी जायचं. बांधकामाची बाजू सगळे विसरतात. तिथेच दगड, चौथरा, मोजमाप, खर्च मिळतो.

ऐकीव माहिती घेताना प्रश्न घटनेचा नको, जागेचा हवा. ‘पुतळा कसा फोडला?’ विचारलं की घरोघरी ऐकलेलीच गोष्ट परत मिळते. ‘पुतळ्याचं तोंड कोणत्या बाजूला होतं? पायरी किती? शेजारी कुणाचं दुकान?’ असं विचारलं की माणूस थांबून आठवतो. सांगणारा स्वतः पाहणारा की ऐकणारा, त्याचं त्या वेळचं वय काय, हे नोंदीत आधी. नाव आणि पत्ता वेगळ्या वहीत, प्रकाशनात नाही. ही साक्ष ‘क’ दर्जाची, पण जागेच्या तपशिलाला त्या वेळच्या फोटोचा दुजोरा मिळाला तर तेवढ्याच तपशिलाला ‘ब’.

7 ऑक्टोबर

पावसाळा ओसरला. पुढची वाटणी :

मुंबईच्या राजकीय खात्याच्या सूचीतून 1924 ते 1928 मधल्या ‘गव्हर्नरांचे दौरे’ आणि ‘कोल्हापूर’ या दोन्ही शीर्षकांखालचे क्रमांक उतरवून घ्यायचे. दौऱ्याच्या फायली मिलिटरी सेक्रेटरीच्या कचेरीतून निघाल्या की प्रायव्हेट सेक्रेटरीच्या, ते सूचीत बघायचं. मागणीपत्रावर ते लिहिलं की सूचीवाल्यांचं काम सोपं होतं. 1926 मधला प्रत्येक क्रमांक लाल पेन्सिलीने, लॉरेन्ससाठी. करवीर सरकारच्या गॅझेटमधून खर्चाचे हुकूम काढणारे वेगळे, आणि त्यांनी मुंबईची यादी आधी बघायची नाही. दोन्ही याद्या स्वतंत्र तयार होऊन मग जुळवल्या तरच ताळा होतो. दिल्लीच्या फायलींची मागणी 1942 आणि 1943 साठी डेक्कन स्टेट्सच्या नावाने, ‘स्टॅच्यू’ आणि ‘मेमोरियल’ हे दोन्ही शब्द टाकून.